घटक ५ : डिजिटल संगीताचे कुलूप आणि ‘विकत घेणे’ या शब्दाचा अर्थ

५.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला –

• डिजिटल ध्वनिमुद्रणाची नक्कल रोखण्यासाठी कोणते उपाय योजले गेले, हे सांगता येईल.
• ते उपाय पुनःपुन्हा निष्प्रभ का ठरले, याचे मूळ कारण स्पष्ट करता येईल.
• भारतीय प्रताधिकार कायद्यातील कलम ६५अ चे स्वरूप समजावून देता येईल.
• ‘विकत घेणे’, ‘चोरी’ आणि ‘संरक्षण’ या शब्दांचे अर्थ या व्यवहारात कसे सरकले, याचे विवेचन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखादी वस्तू दुसऱ्याकडून आपल्याकडे येण्याच्या प्रकारांना मराठीत निरनिराळे शब्द आहेत. आपण भांडे विकत घेतो, शेजारून वाटीभर साखर उसनी आणतो, घर भाड्याने घेतो, शेत खंडाने कसतो आणि ग्रंथालयातून पुस्तक वाचायला आणतो. या प्रत्येक शब्दात एक न लिहिलेला करार दडलेला असतो. उसनी साखर परत करावी लागते. भाड्याच्या घराच्या भिंतीला खिळा ठोकतानाही घरमालकाची आठवण होते. विकत घेतलेले भांडे मात्र आपण वापरू शकतो, लेकीला देऊ शकतो, हवे तर मोडीत घालू शकतो. त्याचे पुढे काय केले, हे विचारायला दुकानदार घरी येत नाही.

गाणे विकत घेतले, असे आपण म्हणतो तेव्हा यांपैकी कोणता करार झालेला असतो? ध्वनिफितीच्या काळात हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. संगीत डिजिटल झाले, त्याची नक्कल होऊ नये म्हणून त्याला कुलपे लावली गेली, ती कुलपे उघडण्याच्या वाटाही सापडत गेल्या, आणि या साऱ्या ओढाताणीत ‘विकत घेणे’ या साध्या क्रियापदाचा अर्थ नकळत बदलला. प्रस्तुत घटकात आपण आधी तंत्र समजून घेऊ, मग कायदा पाहू आणि शेवटी शब्दांकडे वळू. तंत्र समजले नाही, तर शब्दांचे काय झाले हेही नीट समजणार नाही.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ नक्कल सोपी का झाली?

तुमच्यापैकी अनेकांनी ध्वनिफीत, म्हणजे कॅसेट, हाताळलेली असेल. तिच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन चौकोनी पट्ट्या असत. त्या मोडून टाकल्या की त्या फितीवर दुसरे काही मुद्रित होत नसे. भरलेली फीत चुकून पुसली जाऊ नये, म्हणून केलेली ती सोय होती. पुढे तीच फीत नव्या गाण्यांसाठी वापरायची झाली, की लोक त्या खाचेवर चिकटपट्टी लावत आणि काम भागवत. संरक्षणाची युक्ती आणि तिच्यावरचा उतारा या दोन्ही गोष्टी अशा घराघरांत ठाऊक होत्या.

फितीवरून फितीवर गाणे उतरवताना दर वेळी आवाज थोडा मंद होई आणि खरखर वाढे. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे चार-पाच वेळा झाले की गाणे ऐकवत नसे. हा ऱ्हास हीच मूळ प्रतीची राखणदारी होती.

१९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ही राखणदारी संपवली. सीडीवर ध्वनी अंकांच्या रूपात नोंदवलेला असतो. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत लिहिले जाते. डावा आणि उजवा अशा दोन वाहिन्या धरल्या, तर एका मिनिटाचे संगीत सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. आता अंकांची नक्कल म्हणजे अंक उतरवून घेणे होय. ‘४’ हा अंक हजार वेळा उतरवला तरी तो ‘४’ च राहतो. त्यामुळे शंभरावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच निर्दोष असते.

सीडीचे मानक ठरले तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. म्हणून त्यात ध्वनी कूटबद्ध करण्याची, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात लिहिण्याची, सोय ठेवली गेली नाही. पुढे संगणकाला सीडी वाचता येऊ लागली आणि कोऱ्या सीडीवर लिहिताही येऊ लागले. एमपी३ या पद्धतीमुळे गाण्याचा आकार सुमारे एक-दशांशावर आला. १९९९ मध्ये नॅपस्टर या सेवेने अनोळखी माणसांचे संगणक एकमेकांना जोडून दिले. अमेरिकेतील न्यायालयीन लढाईनंतर २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. परंतु ध्वनिमुद्रण कंपन्यांना जो धसका बसायचा तो बसला होता.

५.३.२ मूळ अडचण : किल्ली कोणाच्या हाती?

कुलपाची सर्वसाधारण कल्पना तीन व्यक्तींची आहे. एक पाठवणारा, एक घेणारा आणि एक परका. पाठवणारा मजकूर कूटबद्ध करतो, घेणाऱ्याकडे किल्ली असते, आणि परक्याला मजकूर हाती लागूनही काही कळत नाही. बँकेचे व्यवहार याच तत्त्वावर सुरक्षित राहतात.

संगीताच्या कुलपात ही रचना मोडते. येथे गाणे ज्याला ऐकवायचे आणि ज्याच्यापासून राखायचे, ती व्यक्ती एकच असते. ग्राहकाला किल्ली दिली नाही, तर त्याने पैसे मोजून घेतलेले गाणे वाजणार नाही. किल्ली दिली, तर तो गाण्याची प्रतही काढू शकेल. यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा असा, की किल्ली द्यायची, पण ती कोठे आहे हे ग्राहकाला कळू द्यायचे नाही. ती यंत्रात किंवा संगणकाच्या प्रणालीत लपवून ठेवायची. परंतु यंत्र ग्राहकाच्याच घरात असते. घरात लपवलेली वस्तू घरच्या माणसाला आज ना उद्या सापडते, आणि लाखो घरांपैकी एका घरात सापडली तरी पुरे होते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. गाणे कितीही कूटबद्ध केले, तरी शेवटी ते हवेतील कंपनांच्या रूपाने कानापर्यंत यावेच लागते. जे ऐकू येते ते पुन्हा मुद्रित करता येते. या वाटेला आपण ‘अ‍ॅनालॉग वाट’ म्हणू. या वाटेने काढलेली प्रत मुळाइतकी निर्दोष नसते, पण ही वाट कोणत्याही कुलपाने बंद करता येत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) ध्वनिफितीच्या नकलांना कोणती नैसर्गिक मर्यादा होती?
(आ) बँकेचे कुलूप आणि संगीताचे कुलूप यांत मूलभूत फरक कोणता?

५.३.३ कुलपे आणि त्यांवरचे उतारे

या तत्त्वाची प्रचिती देणारी चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण डिजिटल ध्वनिफितीचे, म्हणजे ‘डॅट’ चे आहे. १९८७ मध्ये आलेल्या या यंत्राला अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कडाडून विरोध केला. अखेर १९९२ च्या एका कायद्याने असे ठरले, की घरगुती यंत्रांनी प्रत्येक प्रतीवर एक खूण उमटवावी आणि ती खूण दिसल्यास पुढची प्रत काढू नये. म्हणजे मुळाची नक्कल काढता येई, नकलेची नक्कल मात्र काढता येत नसे. ही मर्यादा ग्राहकाने बऱ्यापैकी समजून घेण्याजोगी होती. परंतु हे बंधन संगणकांना लागू नव्हते, आणि पुढील नकला संगणकावरच व्हायच्या होत्या.

दुसरे उदाहरण २००२ चे. काही कंपन्यांनी सीडीच्या बाहेरच्या कडेला संगणकाची दिशाभूल करणारा एक भाग जोडला. साधे सीडी-यंत्र आतल्या भागातील गाणी वाजवी. संगणक मात्र आधी बाहेरचा भाग वाचायला जाई आणि तेथेच अडकून पडे. सेलिन डिऑन या गायिकेच्या त्या वर्षीच्या अल्बमच्या युरोपात विकल्या गेलेल्या काही प्रती अशा होत्या. लवकरच लोकांच्या लक्षात आले, की शाईच्या जाड पेनाने तबकडीची बाहेरची कड काळी केली की तो भाग झाकला जातो आणि संगणक निमूटपणे गाणी वाचतो. मोठ्या खर्चाने तयार केलेले कुलूप लहान मुलाच्या दप्तरातील पेनाने उघडले. भाषेच्या दृष्टीने याच प्रकरणातील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. सीडीचे मानक ठरवणाऱ्या फिलिप्स या कंपनीने अशा तबकड्यांना ‘सीडी’ म्हणण्यास हरकत घेतली. मानक पाळले नाही, तर नावही वापरता येणार नाही, अशी तिची भूमिका होती. वस्तू बदलली, तर तिचे जुने नाव चालू ठेवावे का, हा प्रश्न येथे पहिल्यांदा स्पष्टपणे उपस्थित झाला.

तिसरे उदाहरण २००३ चे. एका नव्या पद्धतीत सीडी संगणकात घालताच नकलेस अडथळा आणणारी एक प्रणाली आपोआप सुरू होई. प्रिन्स्टन विद्यापीठातील तेव्हाचे संशोधक विद्यार्थी जे. अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांनी दाखवून दिले, की सीडी आत सारताना कळफलकावरील शिफ्ट ही कळ दाबून धरली की प्रणाली सुरूच होत नाही. कारण विंडोजमध्ये ‘आपोआप सुरू करू नकोस’ असे सांगण्याची ती नेहमीचीच रीत होती. कुलूप बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्यावर खटला भरण्याची घोषणा केली आणि टीका होताच ती लगोलग मागे घेतली. एक कळ दाबणे हा गुन्हा कसा ठरवावा, हे तिलाही सांगता आले नसते.

चौथे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञांनी एक शोध जाहीर केला. सोनी बीएमजी या कंपनीची एक संगीत-सीडी त्यांनी संगणकावर वाजवली होती. त्या सीडीने त्यांच्या संगणकात एक छुपी प्रणाली बसवली होती, आणि ती स्वतःला अशा रीतीने लपवत होती की संगणकाच्या मालकालाही ती दिसू नये. विशिष्ट पाच चिन्हांनी सुरू होणारे नाव असलेली कोणतीही फाइल ती अदृश्य करी. काही दिवसांतच दुष्ट हेतूने प्रणाली लिहिणाऱ्यांनी त्याच पाच चिन्हांच्या आडोशाला आपले विषाणू लपवण्यास प्रारंभ केला. ही छुपी प्रणाली काढून टाकण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनानेही संगणकाला नवी भगदाडे पडत होती. एकूण ५२ अल्बमच्या सीडींवर ही पद्धत वापरलेली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीला त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पुढे ग्राहकांचे सामूहिक दावे आणि अमेरिकी शासनयंत्रणांची कारवाई यांना तोंड देऊन तिला तडजोडी कराव्या लागल्या.

या प्रकरणाची विसंगती नीट पाहा. ज्याने गाणे फुकट मिळवले, त्याच्या संगणकाला काहीच झाले नाही. कारण त्याच्याकडे आलेल्या फाइलवर कुलूप नव्हते. ज्याने दुकानात जाऊन रोख पैसे मोजले, त्याच्याच घरात ही प्रणाली शिरली. प्रामाणिक ग्राहकाला शिक्षा आणि अप्रामाणिकाला सूट, असा हा उलटा न्याय होता.

५.३.४ बंद झालेली दुकाने

२००३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने इंटरनेटवर संगीताचे दुकान उघडले. एका गाण्याची किंमत ९९ सेंट होती. गाणे कूटबद्ध असे आणि ठरावीक संख्येच्या संगणकांवरच वाजे. मात्र ते साध्या सीडीवर उतरवण्याची मुभा होती, आणि त्या सीडीवर कुलूप नसे. म्हणजे त्या सीडीवरून गाणे पुन्हा संगणकात घेतले, की थोड्या गुणवत्तेच्या मोबदल्यात ग्राहक मोकळा होई. दुकानदारानेच मागचे दार उघडे ठेवले होते.

फेब्रुवारी २००७ मध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर पत्र लिहिले. कंपन्या बहुतांश संगीत आजही कुलपाविना सीडीवरच विकतात; मग इंटरनेटवरच्या थोड्या विक्रीला कुलूप लावून काय साधते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. त्याच वर्षी ईएमआय या कंपनीने कुलपाविना गाणी विकण्याचे मान्य केले. जानेवारी २००९ मध्ये त्या दुकानातील सर्व मोठ्या कंपन्यांच्या संगीताबाबत तशीच घोषणा झाली. विकल्या जाणाऱ्या संगीतावरील कुलपांचा काळ येथे जवळजवळ संपला.

तत्पूर्वी एक घटना घडली होती. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने गाण्यांची विक्री थांबवली होती. एप्रिल २००८ मध्ये त्याने ग्राहकांना कळवले, की ऑगस्टनंतर नव्या किल्ल्या दिल्या जाणार नाहीत. याचा अर्थ असा, की ग्राहकाने संगणक बदलला की पैसे देऊन घेतलेली त्याची गाणी मुकी होणार. लोकांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर ही मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली गेली. पितळेचे भांडे विकणारा दुकानदार दुकान बंद करून गावी गेला, म्हणून आपल्या घरातील भांड्याला भोक पडत नाही. गाण्याला मात्र पडू शकत होते.

आज आपण बहुतेक जण वर्गणी भरून प्रवाही सेवांवरून गाणी ऐकतो. तेथेही गाणी कूटबद्धच असतात. मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेली गाणी वर्गणी थांबताच वाजेनाशी होतात. पण ही सेवा ‘विकत देतो’ असे म्हणत नाही. ‘वर्गणी’ हा शब्द ती उघडपणे वापरते. शब्द आणि व्यवहार यांचा मेळ येथे बसलेला आहे, म्हणूनच त्याबद्दल फारशी तक्रार ऐकू येत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) २००५ च्या प्रकरणात प्रामाणिक ग्राहकाचेच नुकसान कसे झाले?
(आ) दुकान बंद झाल्यावर विकत घेतलेली गाणी मुकी का होणार होती?

५.३.५ कायद्याचे कुलूप

तंत्राचे कुलूप टिकत नाही, असे दिसल्यावर त्याच्याभोवती कायद्याचे दुसरे कुलूप उभारण्यात आले. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय करारांनुसार सदस्य देशांनी कुलूप तोडण्याविरुद्ध कायदेशीर तरतूद करावी, असे ठरले. अमेरिकेने १९९८ मध्ये तसा कायदा केला. त्यानुसार, काही अपवाद सोडता, कुलूप उघडणे हीच कृती बेकायदेशीर ठरते; आत शिरून पुढे काय केले, हा प्रश्न नंतरचा. या कायद्याची सावली संशोधनावरही पडली. ध्वनीत दडवलेल्या जलचिन्हांची पद्धत भेदून दाखवा, असे जाहीर आव्हान उद्योगानेच २००० मध्ये दिले होते. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वीकारून निष्कर्ष लिहिले. तेव्हा कायदेशीर कारवाईचा इशारा देणारे पत्र त्यांना आले आणि २००१ मध्ये एका परिषदेतून त्यांना आपला निबंध मागे घ्यावा लागला. पुढे त्याच वर्षी तो दुसऱ्या परिषदेत सादर झाला.

आपल्या देशात प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, कायदा १९५७ चा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५अ आले. कायद्याने दिलेल्या हक्कांच्या संरक्षणासाठी लावलेला परिणामकारक तांत्रिक उपाय जो ‘त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने’ निष्फळ करील, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो, असा त्याचा आशय आहे. अवतरणातील शब्दांकडे लक्ष द्या. भारतीय कायदा हेतू विचारतो. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडण्यास या कलमाची आडकाठी नाही. मात्र दुसऱ्याला त्यासाठी साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे. खाजगी वापर आणि संशोधन यांसाठी रास्त वापराची मुभा कलम ५२ मध्ये आहे; अपंग व्यक्तींना उपयोगी पडेल अशा स्वरूपात प्रत करण्याचीही तरतूद त्याच कलमात आहे.

कायद्याला काळाचेही भान आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात. मुदत संपली की ती कृती सर्वांची होते. तांत्रिक कुलपाला मात्र दिनदर्शिका वाचता येत नाही. हेतूही त्याला ओळखता येत नाही. समोर चोर आहे, संशोधक आहे की अंध विद्यार्थी, हे न पाहता ते सर्वांना सारखेच अडवते.

येथे कलावंताची बाजू विसरून चालणार नाही. गाणे लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला आणि गाणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळाले पाहिजे, यात दुमत नाही. परंतु कुलूप लावल्याने ते मोल कलावंतापर्यंत पोहोचतेच, असे नाही. २०१२ च्या त्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनात समान वाटा मिळण्याचा हक्क दिला, आणि तो हक्क करारात लिहून देता येणार नाही, असेही ठरवले. कलावंताच्या दृष्टीने हे शब्द कोणत्याही कुलपापेक्षा मोलाचे आहेत.

५.३.६ एक क्षेत्रीय अनुभव

आतापर्यंतचे विवेचन तुम्हांला दूरदेशीचे वाटले असेल. म्हणून स्वतःचा एक अनुभव सांगते. सुमारे वीस वर्षांपूर्वी बोलीच्या अभ्यासासाठी मी तळकोकणातील एका गावी जात असे. तेथील एका वृद्ध बाईंकडून जात्यावरच्या ओव्या आणि कहाण्या मी मुद्रित करून घेतल्या. तळहातावर मावणारे, लहान तबकडीवर डिजिटल मुद्रण करणारे एक यंत्र त्यासाठी मुद्दाम घेतले होते. ते संगणकाला तारेने जोडता येत असे, एवढे पाहून मी निर्धास्त होते.

प्रत्यक्षात ती वाट एकेरी निघाली. संगणकातील गाणी यंत्रात जात. यंत्रातील ध्वनी संगणकात येत नसे. त्या यंत्राचा उपयोग करून लोकांनी बाजारातील गाणी एका संगणकावरून दुसऱ्यावर नेऊ नयेत, यासाठी कंपनीने केलेली ती योजना होती. माझ्या तबकड्यांवर बाजारातील एकही गाणे नव्हते. ओव्या परंपरेने आलेल्या, गळा त्या बाईंचा आणि मुद्रण माझे. कंपनीचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण यंत्राला जात्याची घरघर आणि चित्रपटातले गाणे यांतील फरक कळत नव्हता.

शेवटी मी अ‍ॅनालॉग वाट धरली. यंत्राच्या ज्या छिद्रात कानाला लावायच्या श्रवणयंत्राची तार बसते, तेथून एक तार संगणकात नेली आणि बावीस तासांचे मुद्रण बावीस तास वाजवून पुन्हा मुद्रित केले. त्यात खरखर मिसळली. ‘चमचा’ मधील आणि ‘चार’ मधील ‘च’ यांचा भेद ज्या सूक्ष्म घर्षणावर ओळखायचा, ते घर्षण काही ठिकाणी त्या खरखरीत बुडाले. तोवर दोन तबकड्या निकामी झालेल्या होत्या. प्रत सहज काढता आली असती, तर पहिल्याच दिवशी मी दोन प्रती काढून ठेवल्या असत्या. त्या बाई आता हयात नाहीत. त्या दोन तबकड्यांवरील ओव्या आज कोठेही नाहीत.

नक्कल या शब्दाला आपल्याकडे हलका अर्थ चिकटला आहे. परंतु संत-साहित्य आपल्यापर्यंत आले ते हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून. जतन करणे आणि नक्कल करणे या क्रिया बहुधा एकाच हाताने होतात.

५.३.७ शब्दांचे सरकलेले अर्थ

आता आपण मूळ प्रश्नाकडे परत येऊ.

‘चोरी’ हा शब्द प्रथम घेऊ. चोरीत मालकाची वस्तू त्याच्याकडून जाते. नकलेत मूळ वस्तू मालकाकडेच राहते. जाते ते त्याला मिळू शकले असते असे उत्पन्न. हे नुकसान खरे असू शकते, पण ते वेगळ्या जातीचे आहे. म्हणून कायदा येथे ‘चोरी’ न म्हणता ‘हक्काचा भंग’ म्हणतो. ‘चोरी’ म्हटले की कुलूप न्याय्य वाटू लागते. शब्द निवडतानाच अर्धा निवाडा झालेला असतो.

‘संरक्षण’ या शब्दाला कर्ता आणि कर्म विचारले पाहिजेत. कोण, कोणाचे, कोणापासून संरक्षण करतो? २००५ च्या सीडीत कंपनी आपल्या गाण्याचे आपल्याच ग्राहकापासून संरक्षण करत होती. वाक्यात ही पदे गाळली की ‘संरक्षण’ हा शब्द सर्वांच्याच हिताचा भासतो.

‘विकत घेणे’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. शहरात घर भाड्याने घेणाऱ्यांना ‘लीव्ह अँड लायसन्स’ चा करार परिचित असतो. अकरा महिने राहण्याची परवानगी मिळते. घर मालकाचेच राहते. कूटबद्ध गाण्याचा व्यवहार नेमका असाच आहे. ग्राहकाला ऐकण्याचा परवाना मिळतो, आणि तो परवाना देणाऱ्याच्या हातात राहतो. मात्र त्या कराराच्या दारावर पाटी लावली गेली ती खरेदीखताची. वाद कुलपाचा असला, तरी दुखणे या पाटीचे होते.

हा केवळ भाषाभ्यासकाचा कीस नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये एक कायदा संमत केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तूचा केवळ परवाना दिला जात असेल, तर ती गोष्ट ग्राहकाला स्पष्टपणे सांगितल्याशिवाय विक्रेत्याने ‘खरेदी करा’ अशा अर्थाचे शब्द वापरू नयेत, असे त्याचे सूत्र आहे. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि विक्रेत्याला परत काढून घेता येत नाही, तिला हे बंधन नाही. एका क्रियापदाचा अर्थ राखण्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला, ही घटना शब्दांच्या अभ्यासकाने आवर्जून नोंदवून ठेवावी.

५.४ सारांश

डिजिटल ध्वनीची प्रत मुळाइतकीच निर्दोष असल्याने कंपन्यांनी संगीताला कुलपे लावली. ग्राहकाला गाणे ऐकवायचे आणि त्याच ग्राहकापासून ते राखायचे, या अंतर्विरोधामुळे ती टिकली नाहीत. शाईचा पेन आणि शिफ्टची कळ यांनीही ती उघडली. २००५ च्या छुप्या प्रणालीने प्रामाणिक ग्राहकाचेच नुकसान केले, आणि २००९ पर्यंत विकल्या जाणाऱ्या संगीतावरील कुलपे बहुतांशी निघाली. भारतीय कायदा कुलूप उघडणाऱ्याचा हेतू विचारतो. कुलपाला हेतू, मुदत आणि व्यक्ती यांची ओळख नसते. या इतिहासात ‘विकत घेणे’ या शब्दाखाली परवाना दिला जाऊ लागला. कोणत्याही कुलपाविषयी मत बनवण्यापूर्वी त्या व्यवहाराला खरे नाव कोणते, हे आधी विचारावे.

५.५ पारिभाषिक शब्द

कूटबद्ध : किल्लीवाचून वाचता येणार नाही अशा रूपात लिहिलेले.
प्रताधिकार : कृतीच्या प्रती काढण्याचा व तिचा वापर करू देण्याचा कायदेशीर हक्क.
जलचिन्ह : ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी ओळखखूण.
अ‍ॅनालॉग वाट : ऐकू येणारा ध्वनी पुन्हा मुद्रित करून प्रत मिळवण्याचा मार्ग.
परवाना : मालकी न देता वापरापुरती दिलेली परवानगी.

५.६ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) प्रत्येक नकलेत आवाज मंद होऊन खरखर वाढत असे. (आ) बँकेच्या व्यवहारात घेणारा आणि परका या दोन व्यक्ती असतात. संगीताच्या कुलपात त्या एकच असतात.
प्रश्न २ : (अ) छुपी प्रणाली केवळ सीडी विकत घेणाऱ्याच्या संगणकात शिरली, फुकट मिळवलेल्या फाइलवर कुलूपच नव्हते. (आ) नव्या संगणकावर गाणे वाजण्यासाठी दुकानाकडून किल्ली मिळणे आवश्यक होते.

५.७ स्वाध्याय

१. ‘संगीताच्या कुलपातील अंतर्विरोध’ सोदाहरण स्पष्ट करा.
२. कलम ६५अ मधील ‘हेतू’ या अटीचे महत्त्व विशद करा.
३. ‘नक्कल आणि जतन’ या विषयावर सुमारे २०० शब्दांत टीप लिहा.

५.८ क्षेत्रीय कार्य

तुम्ही मोबाइलवर वापरत असलेल्या कोणत्याही दोन सेवांच्या मराठी पडद्यावरील शब्द टिपून घ्या. ‘खरेदी’, ‘वर्गणी’, ‘भाडे’, ‘डाउनलोड’ यांपैकी कोणता शब्द कोणत्या व्यवहारासाठी वापरला आहे, आणि तो त्या व्यवहाराशी प्रामाणिक आहे का, याची नोंद करा. तसेच घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक ओवी, कहाणी किंवा आठवण मुद्रित करून घ्या, आणि त्याच दिवशी तिची दुसरी प्रत काढून ठेवा.